चेसिसवरचे चार जादा आकडे

मोटारसायकल माणसाला स्वतःपर्यंत नेऊन पोचवते. हे वाक्य आमच्या क्लबच्या काळ्या टी-शर्टवर पाठीमागे छापलेलं आहे, म्हणजे ते वाचायचं भाग्य मागून येणाऱ्यांच्या वाट्याला येतं. मला मोटारसायकल डिलाईल रोडवरून फोर्टातल्या ऑफिसात नेऊन पोचवते आणि सकाळी पावणेदहाला मला तेवढं पुरतं. स्वतःपर्यंत पोचल्याची हजेरी ऑफिसात लागत नाही.

ऑफिस विमा कंपनीचं. मी मोटार दाव्यांच्या खात्यात आहे, गेली बावीस वर्षं. दिवसभर मोडक्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि त्या कशा मोडल्या याच्या हकिगती वाचायच्या. माझ्या टेबलावर आलेली प्रत्येक गाडी हळू चाललेली असते, आणि समोरचा प्रत्येक वेळी अचानक आलेला असतो. मी हकिगतींवर फारसा वेळ घालवत नाही. आधी गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर बघतो, चेसिस नंबर. तो कागदावरच्या नंबराशी जुळला तर पुढे वाचायचं, नाहीतर ‘चेसिस क्रमांक वाचता येत नाही’ असा शेरा मारून फाइल परत. मग माणसं येतात, अजिजी करतात, गाडी माझीच आहे हो म्हणतात. मी त्यांना शांतपणे शेरा दाखवतो. माझं अक्षर चांगलं आहे.

बायको परळच्या एका हॉस्पिटलात, प्रयोगशाळेत. तिच्याकडे स्कूटर आहे. ती तिला स्कूटरच म्हणते. वर्षातून दोनदा सर्व्हिसिंगला टाकते आणि पुन्हा तिचा विषय काढत नाही. वारा, क्षितिज, मुक्ती यांपैकी कशाचाही तिने आजवर उल्लेख केलेला नाही. कामावर रोज वेळेत पोचते.

क्लबात आम्ही चाळीसेक जण. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दादरला एका पेट्रोलपंपाबाहेर जमायचं, घाटाच्या अलीकडे जाऊन मिसळ खायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत घरी. एवढ्यासाठी आमच्यात एक अध्यक्ष आहेत, दोन उपाध्यक्ष, एक रोड कॅप्टन आणि सगळ्यांत मागे राहून बंद पडलेल्यांना बघणारा एक जण. हा शेवटचा मी. बाकीच्यांना जॅकेटवर लावायला बिल्ले आहेत, माझ्याकडे प्लग, केबल आणि वायरचा तुकडा. आजवर मी मागे असताना कोणाची गाडी टेम्पोत घालून परत आणावी लागलेली नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण अध्यक्षांच्या भाषणात ते येत नाही.

माझी गाडी बाबांच्या नावावर आहे. बाबा गिरणीत फिटर होते. मी कॉलेजात असताना त्यांनी ती नवी घेतली. तेव्हा चाळीत सायकली होत्या, दोन स्कूटर होत्या, मोटारसायकल एकही नव्हती. पुढे गिरणी बंद झाली, तिच्या जागी काचेचं ऑफिस आलं, चाळीतली निम्मी बिऱ्हाडं विरार-बदलापूरला गेली. गाडी जिन्याखाली त्याच जागेवर आहे. त्या जागेवरून आमची शेजाऱ्यांशी जेवढी भांडणं झाली तेवढी नळावरूनही झाली नसतील, आणि ती सगळी आम्ही जिंकलो.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गुडघ्यांमुळे त्यांनी गाडी माझ्याकडे दिली, पण तिच्यावरचा हक्क दिला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसतात, आणि मी खाली किक मारली की वरून निदान सांगतात. घरात ते मालवणीच बोलतात आणि गॅलरी हे घर समजतात.

“टॅपेट वाजतत रे!”

“बाबा, लोक बघतायत.”

“बघूदेत. तेंकाव ऐकाक येता.”

मी संध्याकाळी इंजिन उघडून बघतो. टॅपेट सैल असतात.

तर या गाडीला यंदा तीस वर्षं झाली. जुन्या गाडीची नोंदणी पहिल्या पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. आरटीओत न्यायची, तिथले निरीक्षक बघणार, नंबर तपासणार, पास म्हटलं तर पुढची पाच वर्षं रस्ता आपला. आधीच्या तिन्ही वेळा बाबा स्वतः घेऊन गेले होते, एक चिंधी आणि एक पेन्सिल खिशात टाकून, आणि अर्ध्या दिवसात परत आले होते. या वेळी काम माझ्याकडे आलं. मी ठरवलं की तीस वर्षांची गाडी अशी कळकट न्यायची नाही. ती नव्यासारखी करायची.

इथून पुढे जे झालं ते फक्त गाडीवर फार प्रेम असलेल्या माणसाच्या हातून होऊ शकतं. गाडीशी देणंघेणं नसलेल्याच्या हातून ते कधीच झालं नसतं.

दोन महिने मी संध्याकाळी आणि रविवारी गाडी खोलत होतो. चाकं गॅलरीत, टाकी पलंगाखाली, कार्ब्युरेटर स्वयंपाकघराच्या खिडकीत. बायकोने त्याला दोन दिवस चुकून झाकण समजून बाजूला सरकवलं, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या उशीवर ठेवलं. उघडा सांगाडा मी टेम्पोत घालून शिवडीच्या एका गाळ्यात नेला. तिथे पावडर कोटिंग करतात. म्हणजे आधी वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढतात, मग नव्या रंगाची भुकटी मारून सांगाडा भट्टीत भाजतात. रंग असा बसतो की छिन्नीने निघत नाही.

बाबांना हे पटलं नव्हतं. “ब्रशान रंगवलं असतंस तर काय बिघडला असता?”

“बाबा, ब्रशच्या रेघा दिसतात.”

“गाडयेक दिसतत?”

गाळेवाल्याने सांगाडा फिरवून बघितला आणि विचारलं, “कुठे टेप लावायचीय? काही सोडायचंय का?”

“काही नाही,” मी म्हणालो. “एक इंचही सुटता कामा नये.”

हे वाक्य मी अभिमानाने म्हणालो होतो. गाळेवाला कामाचा माणूस, त्याने एक इंचही सोडला नाही.

गाडी पुन्हा जोडली तेव्हा ती खरंच देखणी झाली होती. याबाबतीत मी नम्रता दाखवणार नाही. दुसऱ्या रविवारी पेट्रोलपंपाबाहेर अध्यक्षांनी तिला हार घातला आणि भाषण केलं. बाथरूमच्या टाइल्सचा त्यांचा धंदा आहे, पण भाषण ते पूर्ण लांबीचं करतात. “मित्रांनो, ही नुसती गाडी नाही. हा वारसा आहे. बापाने मुलाच्या हाती दिलेली ही मशाल आहे.” एवढ्यात मागून हवा भरायला आलेल्या टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, आणि मशाल आम्ही ढकलत बाजूला घेतली.

पुढच्या शनिवारी दुपारी मी आरटीओचा अर्ज भरायला बसलो. अर्जासोबत चेसिस नंबरचा ठसा लावायचा असतो. नंबरावर पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, की आकडे कागदावर उमटतात. आमच्या गाडीचा नंबर हँडलच्या खाली, सांगाड्याच्या मानेवर आहे. मी जिन्याखाली बसलो, कागद धरला, पेन्सिल घासली. कागद एकसारखा काळा झाला. बोट फिरवलं. मान गुळगुळीत, आरशासारखी. नंबर तिथेच होता, पण भाजलेल्या रंगाच्या थराखाली संपूर्ण बुजलेला.

बावीस वर्षं ज्या शेऱ्याने मी लोकांच्या फाइली परत पाठवल्या, तो आता मला स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात दिसू लागला.

मी घाबरलो नाही. उपाय मला माहीत होता. रंग विरघळवणारं जेलीसारखं औषध मिळतं, ते आणलं आणि नंबराच्या जागेवर लावलं. रंग चांगला असल्यामुळे तीनदा लावावं लागलं. ते ओघळून पुढेही तीन-चार बोटं पसरलं. रविवारी दुपारपर्यंत लोखंड उघडं पडलं. पहिला आकडा दिसला, दुसरा दिसला, मी नोंदणीच्या कार्डाशी एकेक ताडून बघत गेलो. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळे जुळले. ठसा घेतला आणि वर जाऊन दोन कप चहा प्यायलो. हवं ते सापडलं की माणूस पुढे वाचत नाही. नव्या माणसांना ऑफिसात हे मीच शिकवतो.

सोमवारी रजा टाकून आरटीओत गेलो. आवारात पंचवीसेक गाड्या उभ्या होत्या, माझी सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत नवी दिसणारी. निरीक्षक एक तरुण बाई होत्या. त्यांनी कागद घेतले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि गाडीच्या मानेपाशी वाकल्या. मी शेजारी नवरदेवाच्या बापासारखा उभा.

“रंग छान केलाय.”

“पावडर कोटिंग आहे.”

“हं. आणि हे पुढचं काय?”

“कुठलं?”

“नंबर इथे संपतो. त्याच्या पुढे हे चार आकडे आहेत. चार, एक, सात, दोन.”

मी वाकलो. कारखान्याच्या नंबरानंतर अर्धं बोट जागा सोडून, त्याच ओळीत, थोडे मोठे, थोडे खोल असे चार आकडे होते. औषध ओघळून उघड्या पडलेल्या भागात.

“कोणी मारले?”

“कल्पना नाही.”

“गाडी कधीपासून तुमच्याकडे आहे?”

“पहिल्यापासून. तीस वर्षं.”

“तीस वर्षं गाडी घरात आणि नंबर कोणी मारला माहीत नाही?”

हा प्रश्न अगदी याच आवाजात मी असंख्य लोकांना विचारला आहे. समोरच्या बाजूने तो कसा ऐकू येतो हे प्रथमच कळलं.

“हे हाताने मारलेले आकडे आहेत,” बाई म्हणाल्या. “आणि मूळ नंबरावरचा रंग ताजा खरवडलेला दिसतोय. माझ्या जागी तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?”

“छेडछाडीचा संशय,” मी म्हणालो.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “कुठे असता कामाला?”

“विम्यात. मोटार दावे.”

“मग तुम्हाला जास्त सांगायला नको.”

त्यांनी स्वतः एक ठसा घेतला, चारही जादा आकड्यांसकट, आणि फाइलला लावला. नोंदणीची मुदत शनिवारी संपत होती. त्यांनी गुरुवारी मूळ मालकाला घेऊन यायला सांगितलं. उत्तर पटलं तर ठीक. नाही पटलं तर गाडी आवारातच ठेवून तपासाला पाठवावी लागेल. तपासाला गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या भिंतीला लागून उभ्या असतात, आणि त्यांच्या सीटवर वेल चढलेला असतो.

वाटेत मी लालबागला चहाला थांबलो आणि अध्यक्षांना फोन केला. खचलो होतो म्हणून नाही, लग्नात नारळ देतात तसा तो रिवाज आहे.

“ब्रदर, टेन्शन नाय घ्यायचं,” अध्यक्ष म्हणाले. “ग्राइंडर मार. दोन मिनटांचं काम. चार आकडे उडव, पुट्टी भर, वरून रंग. कोणाला कळणार?”

“त्यांनी ठसा घेऊन ठेवलाय.”

“मग काय झालं?”

“मग आजवर झाली नाही ती छेडछाड खरोखरच होईल.”

ते थोडे नाराज झाले. क्लबच्या ग्रुपवर मात्र त्यांनी लगेच कळवलं. संध्याकाळपर्यंत बावन्न आवळलेल्या मुठी आणि ‘आम्ही तुझ्यासोबत आहोत’ असे एकोणीस निरोप आले. गुरुवार कामाचा वार असल्याचंही सात जणांनी कळवलं.

घरी बायको नुकतीच आली होती. बाबा गॅलरीत चहा घेत होते. मी सगळं सांगितलं. तीनदा औषध लावल्याचंही सांगितलं, कारण लपवून उपयोग नव्हता, जिन्याखाली अजून वास येत होता.

“कसले आकडे?” बायकोने विचारलं.

“चार एक सात दोन.”

बाबांनी कप खाली ठेवला. “मग? तेका काय झाला?”

“बाबा, तुम्हाला माहितेय हे?”

“माझो नंबर माका म्हायत नसतलो?”

तो त्यांचा गिरणीतला बिल्ला नंबर होता. गिरणीत माणसाला नावाने कमी आणि बिल्ल्याने जास्त ओळखत. मला तो ठाऊक नव्हता. त्यांनी कधी सांगितला नव्हता, मी कधी विचारला नव्हता. चाळीत त्या सुमारास एक स्कूटर चोरीला गेली होती, म्हणून गाडी आणली त्याच आठवड्यात बाबांनी गिरणीच्या स्टोअरमधून आकडे ठोकायचे पोलादी पंच एका दिवसासाठी घरी आणले आणि चार घावांत नंबर उठवला. मग त्यावर काळा रंग, वर ग्रीस. नंतरच्या प्रत्येक तपासणीला ते चिंधीने फक्त कारखान्याचा नंबर पुसून दाखवत. पुढचं ग्रीस कोणी पुसायला सांगितलं नाही.

“पण बाबा, चेसिस नंबर होता ना शेजारीच?”

“तो कारखान्याचो. ह्यो माझो.”

“त्यांना छेडछाडीचा संशय आहे.”

“छेडछाड? ह्या वयात?”

बायको हसली. बाबा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले, आणि गुडघ्यांमुळे त्यांना उठायला जेवढा वेळ लागतो त्या सगळ्या वेळात त्यांचा आवाज चढत गेला. “मी नंबर खोडलंय काय? बदललंय काय? बाजूक मारलंय! तीस वर्सां गाडी सांभाळलंय आणि माका चोर म्हणतत?”

“चोर नाही म्हणाले कोणी.”

“तू थंय काय सांगलंस?”

“कल्पना नाही, असं सांगितलं.”

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

बायकोने मुद्द्याला हात घातला. “तोंडी सांगून चालेल का त्यांना? आमच्याकडे नमुन्यावर लेबल नसेल तर पेशंट स्वतः येऊन माझंच रक्त आहे म्हणाला तरी आम्ही घेत नाही. बाबा, तो बिल्ला आहे?”

बिल्ला गिरणी बंद होताना जमा झाला होता. त्या वेळचे कागद गावच्या घरी पोटमाळ्यावर होते, ते वाळवीने संपवले. बाबा खोलीत गेले आणि म्हणाले, “ट्रंक काढ.”

पलंगाखालची ती लोखंडी ट्रंक वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडते. बाबांचे पाने, हातोड्या, छिन्न्या त्यात तेलाच्या फडक्यात असतात. दसऱ्याला त्यांच्यावर झेंडूची फुलं वाहतात आणि ट्रंक बंद होते. मी माझ्या चकचकीत सेटने काम करतो, ट्रंकेला हात लावायची परवानगी नाही. त्यामुळे मी ते पाने आजवर फुलांखालीच पाहिले होते. बाबांनी फडकं सोडलं आणि एक पाना माझ्या हातात दिला. दांड्यावर मापाचा आकडा होता, आणि त्याच्या पुढे त्याच ओळीत ४१७२.

गिरणीत सगळ्या फिटरांचे पाने सारखेच, म्हणून जो तो आपला नंबर मारून ठेवी. ट्रंकेतले अकराच्या अकरा पाने तसेच होते. आणि प्रत्येकावरच्या साताचा पाय खालून तुटका.

“पंच तुटको होतो,” बाबा म्हणाले. “स्टोअरवाल्यान बदलून दिलो नाय.”

मी टॉर्च घेऊन खाली गेलो. गाडीच्या मानेवरच्या साताचा पायही तुटका होता.

गुरुवारी सकाळी बाबांनी पांढरा शर्ट घातला. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, घरात जादा हेल्मेट बायकोचं होतं आणि ते गुलाबी होतं. बाबांनी ते डोक्यावर चढवलं. पान्यांची पिशवी मांडीवर घेतली. प्रत्येक खड्ड्याला पिशवी वाजत होती आणि प्रत्येक सिग्नलला मागून सूचना येत होत्या.

“क्लचावरचा बोट काढ. विश्रांतीक ठेवलंस काय थंय?”

आवारात पोचल्यावर त्यांनी चाकाशेजारी वर्तमानपत्र अंथरलं आणि पाने मापाच्या क्रमाने मांडले, लहान ते मोठा. रांगेतले लोक विकायला आणलेत असं समजून बघायला आले. एकाने भावही विचारला. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपल्या रिक्षापाशी परत गेला.

निरीक्षक बाई आल्या. बाहेरच्या माणसांशी बाबा शाळेत शिकलेलं मराठी बोलतात.

“आजोबा, हे आकडे तुम्ही मारलेत?”

“हो. मीच.”

“कशासाठी?”

“चोरीला गेली तर ओळखता यावी म्हणून.”

“त्यासाठी चेसिस नंबर असतोच ना?”

“तो पाठ कोणाला असतो? तुम्हाला तुमच्या गाडीचा आहे?”

बाईंना नव्हता. मलाही नाही.

“ठीक. पण नंबराच्या शेजारीच का? दुसरीकडे जागा नव्हती?”

“पान्यावर आम्ही मापाच्या पुढे मारायचो, ओळीत. मन मानेल तिथे मारायला ती काय मुतारीची भिंत आहे?”

मी डोळे मिटले. बाईंनी मात्र हसू गिळल्यासारखं वाटलं.

“आणि आधीच्या तीन तपासण्यांत हे कोणाला दिसलं नाही?”

“दिसणार कसं? वर ग्रीस होतं. मी कामापुरतं पुसायचो. ह्याने,” माझ्याकडे बोट, “सगळंच उघडं केलं.”

बाई खाली बसल्या. एक पाना उचलला, टॉर्च लावला, गाडीच्या मानेशी धरला. दुसरा उचलला. मग तिसरा. तुटक्या साताबद्दल त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. वाटेत बाबांनीच बजावलं होतं, तू तोंड उघडू नको. आवारात कोणाच्या तरी टेम्पोचा हॉर्न तपासणं चालू होतं, तो वाजत राहिला. मी बाबांकडे बघितलं. ते बाईंच्या हाताकडे बघत होते. नवा माणूस काम कसं करतो हे बघताना जुना माणूस जसं बघतो तसं.

“साताचा पाय तुटलाय,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांवर.”

“चारदा सांगितलं होतं बदलून द्या म्हणून,” बाबा म्हणाले. जणू बाई त्या वेळी स्टोअरमध्येच होत्या.

त्यांनी एका पान्याचा ठसा घेतला आणि सोमवारच्या ठशाशेजारी लावला. बाबांचा जबाब लिहून घेतला. शेऱ्याच्या जागी लिहिलं: मूळ क्रमांक शाबूत. त्यापुढील ४१७२ हा मालकाने ओळखीसाठी उठवलेला स्वतःचा कामगार क्रमांक. लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं आणि सही करायला कागद पुढे केला. बाबांनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.

“कामगार नाही,” ते म्हणाले. “फिटर लिहा.”

बाईंनी खोडून फिटर लिहिलं आणि खोडल्या जागी आपली सही केली. मग बाबांनी केली.

उरली नेहमीची तपासणी. दिवे लागले, ब्रेक लागला, हॉर्न वाजला. “आता कोणीतरी एक फेरी मारून दाखवा,” बाई म्हणाल्या.

मी पुढे झालो. तोवर बाबांनी पान्यांची पिशवी माझ्या हातात दिली होती. गुडघा धरून त्यांनी पाय पलीकडे टाकला, गुलाबी हेल्मेटचा पट्टा आवळला आणि एका किकमध्ये गाडी सुरू केली. मला सकाळी तीन लागल्या होत्या. मग पाठ सरळ ठेवून, क्लचवर बोट न ठेवता, त्यांनी आवाराला पूर्ण फेरी मारली. वळणावर वेग कमी केला, हात दाखवला, बरोबर बाईंच्या पुढ्यात चाक आणून उभं केलं. रांगेतले लोक माना वळवून बघत होते. आमच्या क्लबात इतकी स्वच्छ गाडी चालवणारा एकही जण नाही, रोड कॅप्टन धरून.

“आजोबांचा हात बसलेला आहे,” बाई म्हणाल्या, आणि पाच वर्षांसाठी पासचा शिक्का मारला.

परतीच्या वाटेवर बाबा मागे बसले आणि एकही सूचना आली नाही. घरी आल्यावर त्यांनी पाने पुसून फडक्यात बांधले, ट्रंक आत सारली आणि जेवून दोन तास झोपले. संध्याकाळी मी गाडीचे कागद फाइलला लावत होतो. मागच्या कप्प्यात बाबांचं लायसन्स होतं. त्याची मुदत सहा वर्षांपूर्वीच संपली होती.